नमद्याचा पडदा

८ सप्टेंबर १९९२
खारगाना खोरं

जिगजिद,

पत्राची सुरुवात समोरच्याच्या जनावरांची खुशाली विचारून करायची, असं आपल्याला वडिलांनी शिकवलं. तुझ्याकडे आता जनावर नाही, तेव्हा काय विचारू? पाचव्या मजल्याचा जिना सुखरूप आहे ना? गुडघे हिवाळा काढतील ना? शगदर ड्रायव्हर सांगत होता की तू शहराबाहेरच्या बाजारात सुटकेस उघडून उभा असतोस आणि चिनी लायटर, मोजे विकतोस. इर्कुत्स्कला पाच वर्षं जनावरांचा डॉक्टर व्हायला शिकला तो याचसाठी, असं मी शगदरला म्हणाले. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

मी आधी लिहितेय म्हणजे मी नमले, असं समजू नकोस. धाकट्याने आधी लिहायचं असतं. चार महिने वाट पाहिली, आणि शगदर उद्या शहराला निघालाय. पोस्टाच्या गाडीला पेट्रोल नाही, त्यामुळे आता शगदर म्हणजेच पोस्ट.

इथली हकिकत अशी. मे महिन्याच्या सभेत ठरलं तसं आपल्या सहकारी नेगदेलचं सगळं वाटून झालं. तेहतीस वर्षं जे आसपासच्या साऱ्या खोऱ्यांचं मिळून होतं, ते जून संपायच्या आत ज्याचं त्याचं झालं. माझ्या वाट्याला एकसष्ट मेंढ्या, चार मेंढे, एक म्हातारा उंट आणि गोठ्याच्या अकरा फळ्या आल्या. ओढ्यापलीकडच्या दुलमाला, ती नवरा गेलेली, तीन लेकरांची, तिला चौतीस मेंढ्या, दोन मेंढे आणि गोठ्याचं दार मिळालं. गोठा मिळाला त्सेग्मेदला. दुलमा ते दार आपल्या गेरच्या गोल तंबूला टेकवून ठेवते आणि पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात. त्सेग्मेद येता-जाता विचारतो, "काय दुलमा, आज दार उघडं की बंद?" म्हातारा सत्तरीला आला तरी जिभेला हाड नाही.

उयांगा घरी आली आहे. तालुक्याच्या वसतिशाळेचं स्वयंपाकघर बंद झालं, मुलांना आता घरून डबा आणायला सांगतात, मग स्वयंपाकीण कशाला हवी? तिला इथे आवडतंय असं ती म्हणते. माझी लेक आहे, तिला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, पण कळपाकडे पाहताना तिचा चेहरा जरा उजळतो एवढं खरं. येत्या वसंतात पन्नास कोकरं उभी राहिली तर ती इथेच गेर घालील, संसार थाटील. नाही राहिली तर तीही येऊन तुझ्या शेजारी सुटकेस उघडील. माझं सगळं त्या पन्नास कोकरांवर आहे.

सभेतलं तुझं बोलणं मला अजून बोचतं. तू उठून म्हणालास, "मेंढ्या वाटा, घोडे वाटा, ट्रॅक्टरची चाकंसुद्धा वाटा. पण मेंढे वाटू नका. ते एकाच माणसाकडे डोंगरापलीकडे राहू द्या. प्रत्येकाच्या कळपात मेंढा आला तर उन्हाळ्यातच मेंढ्या गाभण राहतील आणि कोकरं थंडीत येऊन मरतील." त्यावर त्सेग्मेद म्हणाला, "म्हणजे बायका माझ्या आणि नवरा सरकारी?" सगळी सभा हसली. हसण्यासारखंच होतं ते. तू मात्र लाल होऊन म्हणालास, "वाटायचेच असतील तर त्यांच्या पोटाखाली पडदा बांधायला शिका. आपले बापजादे बांधायचे तसा. मी दाखवतो." आणि तू अंगरख्याच्या छातीत हात घातलास. त्सेग्मेद ओरडला, "अरे पळा, पिस्तूल काढतोय!"

मग मी उठले. काय बोलले ते तुला पाठ असेल. "एकवीस वर्षं नेगदेलचे तीनशे मेंढे मी राखले. एक कोकरू कधी थंडीत आलं नाही. मेंढ्याला काय बांधायचं ते मला कागदावर शिकलेला पोरगा दाखवणार?" छातीवर मेंढे राखल्याचं पदक होतं, आवाज जरा चढलाच असेल. तू हात तसाच बाहेर काढलास, रिकामा. दुसऱ्या दिवशी शगदरच्या ट्रकमध्ये बसून गेलास. बहिणीचं एक वाक्य एवढं लागावं?

असो. तुझ्यावाचून काही अडलं नाही. आपलं सारं खोरं माझ्याकडे आलं. खोऱ्यातल्या सव्वीस नरांना मी माझ्या हातांनी लोकरीचा नमदा कापून पडदे बांधून दिले. नमदा थोडा होता, पण पुरवला. मेंढे आता खानावळीतल्या आचाऱ्यांसारखे दिसतात, पोटाशी फडकं बांधून फिरणारे. उयांगा पोट धरून हसते. मेंढे अंमळ जास्तच खुशीत आहेत, पण यंदा गवतही चांगलं झालं.

लोकरीचे मोजे विकत असशील तर दोन जोड स्वतःच्या पायांतही घाल.

तुझी बहीण
हांदसुरेन


२९ नोव्हेंबर १९९२

जिगजिद,

तुझं उत्तर आलं नाही. शगदर म्हणतो, पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते खिशात ठेवलंस आणि त्याला फुकट लायटर दिलास. त्याला दिलास, मला नाही.

इथे थंडी पडली. नदी गोठली. नेगदेलचा गवताचा ट्रक यंदा येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी लोक परवापर्यंत टेकडीवर जाऊन रस्त्याकडे पाहत होते. त्सेग्मेदसुद्धा. मी विचारलं तर म्हणाला, "कोल्हा दिसतो का पाहतोय." आम्ही उन्हाळ्यात हातांनी जेवढं कापलं तेवढंच गवत आहे. उयांगाच्या तळहातांना अजून घट्टे आहेत. मैद्याचं एक पोतं व्यापाऱ्याकडून घेतलं, दोन कातड्यांच्या बदल्यात. दाबलेल्या चहाची वीट दिली नाही त्याने. सरकारने वाटलेले ते गुलाबी आणि निळे कागद, मोठमोठ्या कारखान्यांत तुमचा हिस्सा म्हणून दिलेले, तेही तो घेतो म्हणे, बाटली देतो. त्सेग्मेदने त्याचे दिले. "मी एका कारखान्याचा मालक होतो, काल संध्याकाळी पिऊन टाकला," असं सांगत फिरतो.

महिनाभरापूर्वी, ठरल्या वेळी, आम्ही सगळ्यांनी पडदे सोडले. जुन्या दिवसांत या वेळेला माझे तीनशे मेंढे ट्रकमध्ये चढायचे आणि एका दिवसात सगळ्या कळपांत पोचायचे, आठवतं ना? उयांगाचा बाप चोइदोग जिवंत असताना त्या संध्याकाळी न चुकता म्हणायचा, "झालं, तीनशे नवरदेव रवाना!" आणि एप्रिलमध्ये, कोवळं गवत वर येत असताना, सगळी कोकरं एकदम. तू औषधांची पेटी घेऊन यायचास, शाळेची मुलं यायची, आठ-आठ दिवस कुणी झोपायचं नाही आणि कुणाची तक्रार नसायची.

मेंढ्या धष्टपुष्ट आहेत. पोटं भरलेली आहेत.

एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही, इथे एकजण विचारत होता. नोव्हेंबरात मेंढा सोडला आणि मेंढ्या त्याला जवळ करत नसतील, माजावरच येत नसतील, तर त्याचं काय कारण असू शकतं? चाऱ्यात काही कमी पडत असेल का? मीठ? तू डॉक्टर आहेस म्हणून विचारते. घाई नाही.

हांदसुरेन


१७ जानेवारी १९९३

जिगजिद,

तुझी चिठ्ठी मिळाली. आठ महिन्यांनी दोन ओळी. "ताई, नोव्हेंबरात मेंढी मेंढ्याला जवळ करत नसेल तर ती आधीच गाभण असते. हे तुला माहीत आहे. जेवढं गवत मिळेल तेवढं जमव."

हो, माहीत आहे! आणि गवत कुठून जमवू? तुझ्या सुटकेसमध्ये आहे का? तुझ्या चिठ्ठीच्या तीन दिवस आधी पहिलं कोकरू आलं होतं. आज बाहेर उणे अडतीस आहे. कोकरू ओलं बाहेर येतं आणि आई चाटून कोरडं करायच्या आत त्याचे कान काचेसारखे होतात. अकरा फळ्यांचा गोठा होत नाही रे, एक भिंत होते, आणि वारा भिंतीला वळसा घालून येतो.

उयांगा कोकरू अंगरख्यात पोटाशी धरून गेरमध्ये पळत येते. चुलीभोवती काल चौदा होती, आज नऊ आहेत. आयांना दूध नाही. वाळक्या काड्या खाऊन दूध कुठून येणार? पहिल्यांदा व्यालेल्या मेंढ्या पिल्लाला हुंगतात आणि लाथ मारतात. मग उयांगा त्यांच्या पाठीवर हात फिरवत "तोइग, तोइग" गाते, आपली आई गायची तसंच. आईच्या गाण्याला मेंढी डोळे पाणावून पिल्लाला जवळ घ्यायची. आताही घेते रे. काल एका मेंढीने घेतलं, चाटलं, कास पुढे केली. कास कोरडी. पिल्लू ओढत राहिलं. उयांगा गात राहिली. मी बाहेर गेले.

हे सगळं त्सेग्मेदमुळे झालं. त्याच्या मेंढ्यांच्या पडद्यांच्या गाठी सैल होत्या, मी तेव्हाच म्हटलं होतं, आणि ओढ्याच्या पाण्यावर सगळे कळप एकत्र येतात. एका कळपातला एक मोकाट मेंढा सगळ्यांचा सत्यानाश करतो. मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "हांदा, माझ्या मेंढ्याला एवढी ताकद असती तर मी त्याला पक्षाचा सचिव केला असता." याही वेळी त्याला थट्टा सुचते. पण त्याच्या हातात मेलेलं कोकरू होतं आणि ते तो खाली ठेवत नव्हता.

दुलमाकडे परिस्थिती वाईट आहे. तिच्याकडे फळीसुद्धा नाही, एक दार तेवढं आहे. ते आडवं करून त्याच्या आडोशाला ती मेंढ्या बसवते.

तू येऊ शकशील का? शगदर वीस तारखेनंतर कधीतरी परत निघेल. मी हे पत्र लिहिते म्हणून लिहिते, पण खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं. सगळ्या मेंढ्या अजून व्याल्या नाहीत. निम्म्या बाकी आहेत.

हांदसुरेन


फेब्रुवारीअखेर १९९३
पांढऱ्या महिन्यात

जिगजिद,

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मी स्वच्छ अंगरखा घालून बसले होते. या दिवशी धाकट्याने मोठ्याकडे यायचं, त्याच्या कोपरांना हात देऊन वाकायचं, एवढं तरी कारखान्यांबरोबर वाटून गेलं नसेल असं वाटलं होतं. तू आला नाहीस. मी संध्याकाळपर्यंत सणाचा निळा रेशमी पट्टा मांडीवर घेऊन बसले. उयांगा म्हणाली, "आई, रस्ता बंद असेल." ती पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलली, आणि बरं बोलली.

ताटात मांडायला जाड शेपटीचा मेंढा नव्हता. जे मांडलं ते मेलेल्या मेंढीचं होतं. त्सेग्मेद आला, वाकला, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "छान. कशाने गेली?" कुणी हसलं नाही. तो स्वतःही नाही.

एकसष्टपैकी चोपन्न मेंढ्या व्याल्या. सहा कोकरं जिवंत आहेत. आता आया जातायत. हिवाळा अर्धाच झालाय आणि त्यांनी अंगातलं सगळं कोकरांना दिलं, तीही गेली. सकाळी उठल्या नाहीत की कळतं. मी आणि उयांगा दोघी शिंगांना धरून उभं करतो. काही उभ्या राहतात, थोड्या वेळाने गुडघे टेकतात.

दुलमाची शेवटची मेंढी पाच तारखेला गेली. ती तिन्ही पोरांना घेऊन शगदरच्या ट्रकमधून शहरात आली आहे, तुझ्या शहरात. म्हणते, कुणी लांबची मावशी शहराच्या कडेला टेकडीवर गेर घालून राहते. जाताना ती माझ्याकडे आली नाही. लांबूनच पोरांना ट्रकमध्ये चढवलं. दार इथेच ठेवून गेली आहे. मी ते आमच्या गेरजवळ आणलं, बर्फाखाली जाऊ नये म्हणून.

तिला शोध. तीन पोरं आहेत, धाकटीच्या गालावर भाजल्याचा डाग आहे. सापडली की मला कळव. कशाला ते नंतर सांगीन.

हांदसुरेन


२० एप्रिल १९९३

जिगजिद,

काल गवत वर आलं. ओढ्याच्या काठाला, तिथे नेहमी आधी येतं ना, तिथेच. बोटाच्या पेराएवढं. या दिवसासाठीच आपण सगळे कोकरांना थोपवून धरायचो, आणि कालच्या त्या गवतावर एकही कोकरू नव्हतं. उरलेल्या बावीस मेंढ्या दात टेकवून नुसत्या उभ्या होत्या, त्यांना ओढून खायचीही ताकद नव्हती. सहापैकी शेवटचं कोकरू मार्चमध्ये गेलं.

आता लिहिते. हे मी अंगणात दुलमाच्या दारावर कागद ठेवून लिहितेय, ऊन आहे, उयांगा पाण्याला गेली आहे, ती येईपर्यंत लिहून संपवायचं आहे.

त्सेग्मेदच्या गाठी सैल नव्हत्या. त्या मीच मारल्या होत्या. सगळ्या सव्वीस पडद्यांच्या मीच. जिगजिद, मला पडदा बांधता येत नव्हता. एकवीस वर्षं मी मेंढे राखले ते डोंगरापलीकडे, जिथे एक मेंढी दिसत नव्हती. पडद्याची गरजच कधी पडली नाही. मी आयुष्यात एकदाही मेंढ्याला पडदा बांधला नव्हता. सभेत उभी राहिले तेव्हाही मला हे माहीत होतं. वाटलं, फडकंच तर बांधायचं, त्यात काय एवढं? नमदा कमी होता म्हणून आखूड कापला. पुढून एकच बंद घेतला आणि पाठीवर गाठ मारली. मेंढा उभा असला की छान दिसायचा. धावला की पडदा कुशीवर फिरायचा. हे मी जुलैमध्येच पाहिलं. माझ्याच मेंढ्याचा फिरलेला पाहिला. मी जाऊन तो नीट केला आणि इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

तेव्हा सगळ्यांना सांगितलं असतं, तुला बोलावलं असतं, तर वेळ होती. महिनाभर तरी होता. मी गप्प बसले. पदक होतं ना छातीवर.

दुलमाला माहीत होतं. पडदे बांधून घ्यायला आली तेव्हा तिने विचारलं, "मावशी, माझी आजी दोन बंद घ्यायची असं आठवतं. दुसरा मागच्या पायांपुढून जायचा. तो नाही का घालायचा?" मी काय उत्तर दिलं सांगू? म्हटलं, "पदक माझ्याकडे आहे, तुझ्याकडे दार आहे." सगळे हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. तिने गपचूप माझे पडदे नेले आणि घरी जाऊन दुसरा बंद लावला नाही. माझ्या शब्दाखातर लावला नाही. तिला शोध म्हटलं ते यासाठी. क्षमा मागायला नव्हे, तेवढं तोंड उरलं नाही. तू नुसतं तिला सांग की दुसरा बंद असतो, तिची आजी बरोबर होती.

आणि आणखी एक, ते तुला माहीत आहे. एकोणसाठ साली, घराघरांतून जनावरं नेगदेलमध्ये आणायची मोहीम होती, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, लाल पट्टी दंडाला, आणि आपल्याच गेरमध्ये येऊन वडिलांना भाषण दिलं. मेंढे आता शास्त्रीय पद्धतीने राखले जातील, ही तुमची जुनाट फडकी कशाला हवीत, असं म्हणून मी खुंटीवरचे पडदे काढले आणि चुलीत घातले. एकेक करून. नमदा जळताना किती घाण वास येतो. वडील चुलीकडे बघत चहा पीत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तू पंधरा वर्षांचा होतास, दाराशी बसला होतास.

त्या सभेत तू एवढंच म्हणायला हवं होतंस, "पडदे जाळले कुणी, विचारा हिला." सगळ्या खोऱ्याने माझ्याकडे वळून पाहिलं असतं. तू म्हणाला नाहीस. माझी लाज राखलीस, आणि मी तुझंच सर्वांसमोर हसं केलं. खरं सांगते, तू मला वाचवलंस याचाच मला जास्त राग आला होता.

पाण्याची बादली वाजतेय, उयांगा आली. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगीन.

ताई


५ नोव्हेंबर १९९३

जिगजिद,

उयांगा एव्हाना तुझ्याकडे पोचली. जिना चढून आली असेल तेव्हा तिला पाणी दिलंस ना? तिला मी उन्हाळ्यात सगळं सांगितलं. ती मेंढ्यांना घेऊन डोंगरावर गेली आणि दोन दिवसांनी आली. आल्यावर म्हणाली, "आई, आपण हे विकून टाकू." व्यापारी ऑक्टोबरात आला आणि उरलेल्या मेंढ्या, मेंढे, उंटसुद्धा घेऊन गेला. तिच्या सुटकेसमध्ये पहिला माल त्याच पैशांचा आहे. तिला उभं राहायला वाऱ्याच्या आडची जागा दे. हाताला घट्टे आहेत, थंडी सोसवते तिला, पण तरी.

तिला घेऊन गेलेला शगदर काल परत आला आणि त्याने मला तुझं बोचकं दिलं. मऊ होतं. मला वाटलं, मोजे.

चिठ्ठी असेल म्हणून आधी घडी झटकली. चिठ्ठी नव्हती. मग नीट पाहिलं. तपकिरी नमदा, हाताच्या दोन वितींहून लांब, घोड्याच्या केसांचे दोन बंद, काठाला वडिलांची ती तिरपी शिवण, आणि एक कोपरा जळून काळा झालेला. मी चुलीत टाकून निघून गेले असेन आणि तू हात घालून ओढून काढला असशील. तुझ्या उजव्या मनगटावर तो डाग आहे, त्याच्याबद्दल आईला तू सांगितलंस की चहाचं भांडं सांडलं. चौतीस वर्षं कुठे ठेवलास हा? इर्कुत्स्कला नेला होतास का?

आणि सभेत तू छातीत हात घातलास, तो यासाठी. तू हाच काढत होतास. मी उभी राहिले नसते तर आणखी एका क्षणात तो सगळ्यांसमोर आला असता.

मी त्यावर खूप वेळ रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग तो बांधून पाहिला. मेंढा नाही, म्हणून शेणकुटांनी भरलेलं लांबट पोतं आडवं ठेवलं आणि त्याला बांधला. पहिला बंद पुढून, दुसरा मागच्या पायांच्या जागेपुढून, पाठीवर फुली, आणि गाठ बाजूला. हाताला आपोआप कळलं, इतका तो नीट शिवलेला आहे. पोतं उचललं, हलवलं, लोळवलं. पडदा जागचा हलला नाही.

त्सेग्मेद मागे उभा होता, कधी आला कळलं नाही. मला वाटलं आता म्हणेल, पोत्याला पोरं होऊ नयेत म्हणून का? पण त्याने काठी टेकली, वाकून जळलेल्या कोपऱ्याला हात लावला आणि विचारलं, "हे कुठून आलं?"

मी म्हटलं, "जिगजिदने पाठवलं."

"गेल्या वर्षी हे असतं तर, हांदा."

"होतं," मी म्हटलं. "सभेत होतं."

तो काठीवर जोर देऊन उठला. मग म्हणाला, त्याचा शेवटचा मेंढा त्याने परवाच हिवाळ्याच्या मांसासाठी कापला, सात मेंढ्यांत मेंढा काय करायचा. खोऱ्यात आता आम्ही तीन घरं उरलो आहोत आणि तिघांकडे मिळून एकही मेंढा नाही. यंदा थंडीत इथे एकही कोकरू येणार नाही, जिगजिद. एप्रिलमध्येही येणार नाही.

पडदा मी खुंटीला टांगला आहे, वडील टांगायचे त्याच बाजूला. तू तो मला क्षमा म्हणून पाठवलास की शिक्षा म्हणून, हे मला कळत नाही. एका ओळीत लिही. दुलमा सापडली का, तेही लिही.

ताई